अंगणातून : बी आपलं की चोराचं?

मंडळी, मार्च लागला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी नेमाने दिसतात. बर्फाखालून बाहेर आलेलं, चप्प बसलेलं पिवळट गवत आणि दाराला अडकवलेली लॉनवाल्यांची पत्रकं. या वेळी लिहितो आहे ते तणाबद्दल, आणि माझ्या एका मूर्खपणाबद्दल.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनची पार्टी जूनमध्ये मागच्या अंगणात करायचं ठरलं. साठ-सत्तर माणसं येणार, आणि अंगणात ठिकठिकाणी टक्कल! मी इंजिनिअर माणूस, लगेच वेळापत्रक बनवलं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी क्रॅबग्रास प्रिव्हेंटर, तिसऱ्या शनिवारी नवीन गवताचं बी. चांगलं महागातलं आणलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मे संपत आला तरी उगवलं काय, तर काही नाही. तेव्हा अण्णा साताऱ्याहून आले होते. साठ वर्षं शेती केलेला माणूस. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, औषधाला काय कळतंय, कुठलं बी तुझं आणि कुठलं चोराचं?"

एका वाक्यात मास्टर्स डिग्री धुऊन निघाली.

हे प्रिव्हेंटर, म्हणजे दुकानात ज्याला प्री-इमर्जंट म्हणतात ते, बी मारत नाही. मातीच्या वरच्या थरात त्याचा एक पडदा तयार होतो, आणि रुजणाऱ्या बियाचं कोवळं मूळ त्यात आलं की त्याची वाढ तिथेच खुंटते. मग ते बी क्रॅबग्रासचं असो की केंटकी ब्ल्यूग्रासचं. पिशवीवर प्रोडायामीन, डायथायोपायर किंवा पेंडिमेथालिन लिहिलेलं असेल, तर पुढचे काही महिने तिथे बी पेरण्यात अर्थ नाही. सिड्युरॉन आणि मेसोट्रायोन ही दोन औषधं नवीन बियाबरोबर चालतात, पण तीही पिशवीवरचं बारीक अक्षर वाचूनच. थोडक्यात, वसंतात एक तर तण अडवा, नाही तर बी पेरा. मला विचाराल तर बी पेरायला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हाच काळ खरा. तेव्हा जमीन ऊबदार असते, हवा थंड होत जाते आणि क्रॅबग्रास म्हातारं झालेलं असतं.

आता औषध टाकायचं कधी? पत्रकवाले तारीख सांगतात, पण क्रॅबग्रासच्या घरी कालनिर्णय नसतं. जमिनीच्या वरच्या एक-दोन इंचांचं तापमान सलग चार-पाच दिवस ५५ फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की ते रुजू लागतं. औषध त्याच्या थोडं आधी पडलेलं हवं. मी यासाठी मांस शिजलं का ते बघायचा थर्मामीटर आणला. आमच्या शाकाहारी घरात तो आल्यावर सौ.ने एकच अट घातली, की तो गराजच्या आत येता कामा नये. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो मातीत खुपसतो. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. आमच्याकडे मध्य न्यू जर्सीत ही वेळ साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येते. थर्मामीटर नको असेल तर फोर्सिथियाची पिवळी झुडपं बघा. ती फुलली की पिशवी आणा, फुलं गळायच्या आत टाका. लायलॅक फुलेपर्यंत थांबलात तर वरातीमागून घोडं. ड्राइव्ह-वेच्या कडेची माती डांबरामुळे लवकर तापते, म्हणून सुरुवात तिथून करा. टाकल्यावर अर्धा इंच पाणी हवं, पावसाचं मिळालं तर फुकटात काम.

खताची मात्र घाई नको. न्यू जर्सीत २०११ च्या कायद्याने घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला बंदी आहे, आणि जुन्या लॉनवर माती तपासल्याशिवाय फॉस्फरसचं खत टाकता येत नाही. ते वाहून जातं आणि खाडीत शेवाळ माजतं. बाकी कामं साधी आहेत. माती ओली असताना लॉनवर नाचू नका, दबलेलं गवत हलक्या हाताने रेक करा, मोअरच्या पात्याला धार लावा. आणि गवत तीन इंचांहून खाली कापू नका. सोल्जर कट दिलात की ऊन थेट मातीवर पडतं, आणि क्रॅबग्रासला तेच हवं असतं.

त्याच उन्हाळ्यात अण्णांनी आणखी एक शोध लावला. मेलबॉक्सजवळच्या ज्या तणाला मी क्रॅबग्रास समजून दोन वर्षं शिव्या घालत होतो, ते त्यांनी ओढून पाहिलं. काडी हातात आली, मूळ जमिनीतच. "ही हरळी आहे रे," ते म्हणाले, "खुरप्याने आमचे हात सोलले हिच्यापायी." हरळी म्हणजेच दुर्वा, इथलं बर्म्युडा ग्रास. दोघांचे तुरे हाताच्या बोटांसारखे फुटतात, म्हणून फसगत होते. पण क्रॅबग्रास उपटलं की मुळांच्या झुबक्यासकट येतं आणि पहिल्या फ्रॉस्टला मरतं. हरळी थंडीत नुसती वाळल्यासारखी दिसते आणि मेमध्ये परत हजर. ती जमिनीखालच्या धावत्या मुळांतून येत असल्याने प्रिव्हेंटर तिला शिवतही नाही. माझी दोन वर्षांची औषधं तिथे पाण्यात गेली होती.

पार्टी शेवटी झाली. टकलांवर टेबलं मांडली आणि कोणाला काही कळलं नाही. अण्णांनी जाण्यापूर्वी मेलबॉक्सजवळची हरळी खणून काढली, पण त्यातली दोन मुळं कुंडीत लावली. कुंडी हिवाळ्यात गराजमध्ये असते, थर्मामीटरच्या शेजारी. तिच्यावर कुठलंही औषध मारलेलं नाही. तेव्हा गणपतीला दुर्वा हव्या असतील त्यांनी आधी फोन करावा, कुंडी एकच आहे.