पहिला प्रोग्रॅम घरच्या हिशेबाचा

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलांना कोडिंग शिकवायचे तर क्लास कुठला आणि फी किती? मुलासाठी पैशांची कशीबशी जुळवाजुळव होते, मुलीचे मात्र "पुढे बघू" यावर अडते. आमचे सांगणे असे, की फी भरण्याआधी महिनाभर घरीच सुरुवात करून पाहावी. एक जुना संगणक आणि सुरुवातीला थोडे इंटरनेट एवढ्यावर भागते. या कामात मन रमते की नाही, हेही त्यातच कळून येते.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९९१ साली लोकांसमोर आली आणि ती फुकट मिळते. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ती उतरवून घ्यावी. संगणकावर विंडोज ७ असेल तर नवी आवृत्ती चालणार नाही, ३.८ ही आवृत्ती घ्यावी. इन्स्टॉल करताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ' शब्द असलेला एक चौकोन दिसतो. त्यावर खूण करायला विसरू नये, नाहीतर पुढे संगणकाला पायथॉन कुठे ठेवले आहे ते सापडत नाही. सोबत 'आयडल' नावाची लिहिण्याची जागाही येते. तिथे नवी फाइल उघडायची, लिहायचे, सेव्ह करायचे आणि एफ-५ हे बटण दाबायचे.

पहिली ओळ अशी लिहा :

प्रिंट("सलाम, कोल्हापूर")

यातला 'प्रिंट' हा हुकूम इंग्रजी छोट्या लिपीत, पी-आर-आय-एन-टी असा टाइप करायचा. अवतरणातला मजकूर मराठीतच राहू द्या. बटण दाबताच पडद्यावर सलाम उमटेल.

आता कामाचे काहीतरी करू. अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करतात असे समजा. सकाळी ४ साड्या झाल्या, संध्याकाळी ३. एकूण किती, हे विचारणारा प्रोग्रॅम मुलीने लिहिला. माहिती विचारण्यासाठी 'इनपुट' हा हुकूम वापरला, दोन्ही उत्तरांची बेरीज केली आणि पडद्यावर आले ४३! संगणक बिघडलेला नसतो. 'इनपुट'ने आलेली गोष्ट तो अक्षरे म्हणून ठेवतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणे. तो आकडा आहे, हे 'इंट' या हुकमाने सांगावे लागते :

सकाळी = इंट(इनपुट("सकाळी किती साड्या? "))
संध्याकाळी = इंट(इनपुट("संध्याकाळी किती? "))
दर = इंट(इनपुट("एका साडीचा दर? "))
प्रिंट((सकाळी + संध्याकाळी) * दर)

प्रिंट, इंट आणि इनपुट एवढेच इंग्रजी लिपीत लिहायचे. सकाळी, संध्याकाळी, दर ही नावे पायथॉनला मराठीतही चालतात. उत्तर देताना मराठी ४ टाइप केला तरी तो ओळखतो, हिशेब मात्र इंग्रजी आकड्यांत दाखवतो. पण 'चार' असे अक्षरी लिहिले, तर लाल अक्षरांत चूक दाखवून थांबतो. ते लाल पाहून घाबरू नये. शेवटची ओळ आधी वाचावी, कुठल्या ओळीवर अडले तो क्रमांकही तिथेच जवळ असतो. माणूस आपली नियत ओळखून चूक सांभाळून घेतो. संगणक फक्त लिहिलेले पाहतो. त्यामुळे आपण नेमके काय सांगितले, हे पुन्हा तपासायची सवय लागते. ही सवय अंगी आली की पुढचे शिक्षण सोपे जाते.

हिशेबातून सुरुवात करण्याची ही रीत नवी नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी अशी लोकांची रोजची कामे त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती. पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला आज जगभर 'अल्गोरिदम' म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

आपल्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगची पायाभरणी केली. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर आधी राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. आज घरातल्या मुलीला शिकायचे तर टेबल, संगणक आणि रोजचा एक मोकळा तास हवा. तेवढ्या वेळात भांडी, पाहुणे आणि धाकट्या भावाचे गेम बाजूला राहावेत. हा तास ठरवून देणे घरातल्या मोठ्यांच्याच हाती आहे.

पुढच्या अंकापर्यंत वरच्या प्रोग्रॅममध्ये एक भर घालून पाहा : दोऱ्याचा खर्च विचारायचा आणि तो वजा करून अम्मींच्या हाती किती उरले, ते दाखवायचे.