गोवंडीची घरं मोजली, कामं कोण मोजणार?

गोवंडी-मानखुर्दचं नाव काढलं की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात. देवनारचा कचऱ्याचा डोंगर, अरुंद गल्ल्या, टीबी, नशा, पोलिसांची गाडी. आपल्या समाजाच्या बैठकांत त्यात आणखी एका चित्राची भर पडते: रमजानमध्ये रेशनकिट वाटायला जायची जागा. या सगळ्या चित्रांत गोवंडीचा माणूस एकतर त्रास देणारा असतो किंवा हात पसरणारा. काम करणारा माणूस त्यांत दिसतच नाही.

खरं तर तिथे कामाशिवाय दुसरं काही नाही. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर, लोटस कॉलनी, कुठल्याही गल्लीत शिरा. कुठे जरीचा कारखाना, कुठे शिलाईची मशिनं, कुठे प्लास्टिक निवडून रंगाप्रमाणे ढीग लावणारे, कुठे बेकरी. घराच्या उंबऱ्यात बसून बायका नगावर मिळणारं काम करत असतात. मुंबईच्या दुकानांत टांगलेल्या कितीतरी कपड्यांवरचे टाके या गल्ल्यांत घातले जातात. एवढं काम करूनही इथली माणसं गरीब का राहतात, हा प्रश्न आपण विचारायला हवा. या वस्तीत माणसं आणून बसवताना कुणी त्यांच्या कामाचा हिशेबच केला नाही, हे माझ्या मते त्याचं मोठं कारण आहे. आजही तो हिशेब होत नाही.

आधी या वस्तीचा आकार पाहू. महापालिकेच्या भाषेत हा ‘एम पूर्व’ विभाग. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 8,07,720 होती. त्याच जनगणनेत भिवंडीची 7,09,665 आणि मालेगावची सुमारे 4 लाख 81 हजार. म्हणजे आपण ज्यांना शहरं म्हणतो, ज्यांना स्वतःची महापालिका आहे, आयुक्त आहे, त्यांच्यापेक्षा ही वस्ती मोठी आहे. गरिबीवर बोलताना भिवंडी-मालेगावच्या महापालिकांची तिजोरी रिकामी असल्याचं सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण गोवंडी ज्या महापालिकेत येते तिचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं होतं. तेव्हा पैसा नाही ही सबब इथे चालत नाही.

ज्ञान नाही ही सबबही चालत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र याच विभागात आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला आहे आणि तिने 2011 पासून ‘एम वॉर्ड’साठी वेगळा प्रकल्पही चालवला. देशभरातल्या कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था तर गोवंडी स्टेशन रोडवरच आहे. इतक्या विद्वानांच्या शेजारी राहूनही 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात 24 विभागांमध्ये एम पूर्व शेवटच्या क्रमांकावर होता. त्याचा निर्देशांक होता 0.05.

या गरिबीची दोन कारणं सहसा सांगितली जातात. बाहेरचे म्हणतात, हे लोक शिकत नाहीत, पोरं जास्त होतात. आपले म्हणतात, सरकार मुसलमानांकडे बघत नाही. पहिलं कारण कष्टकऱ्यांचा अपमान करणारं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे. 2006 चा सच्चर समितीचा अहवाल आणि 2013 चा राज्याच्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल ते सांगतात. पण त्याने सगळं उलगडत नाही. या विभागात मराठवाड्यातून आलेली दलित कुटुंबंही मोठ्या संख्येने राहतात. त्यांचं गटारही तेच, डंपिंगचा धूरही तोच. केवळ धर्माच्या चष्म्यातून बघितलं तर हा शेजारी आपल्याला दिसत नाही, आणि त्याच्याशिवाय आपली लढाई अर्धीच राहते.

या विभागाचा इतिहास पाहिला की तिसरं कारण सापडतं. मुंबईला जे नको होतं ते इथे आणून टाकलं गेलं. 1927 पासून देवनारला कचरा येऊ लागला. 1971 मध्ये कत्तलखाना आला. सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपडीवासीयांसाठी शिवाजीनगरचे प्लॉट आखले गेले. 1976 मध्ये, आणीबाणीत, तुर्भ्याच्या अणुकेंद्राजवळची जनता कॉलनी उठवून तिथल्या हजारो माणसांना चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन सोडलं. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वेकाठची आणि रस्त्यांत येणारी कुटुंबं लल्लूभाई कंपाउंडसारख्या इमारतींत आली. त्यांना 225 चौरस फुटांचं घर मिळालं.

घर मिळालं हे खोटं नाही. पण माणूस घरात झोपतो आणि पोट घराबाहेर भरतो. ज्या बाईची चार घरची धुणीभांडी चालत्या अंतरावर होती, ज्या माणसाची चहाची टपरी स्टेशनच्या तोंडावर होती, त्यांच्या कमाईची नोंद पुनर्वसनाच्या कागदात किती झाली? कुर्ल्याच्या दुकानदारांनी हाच प्रश्न विचारला होता. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी त्यांची दुकानं जाणार होती आणि बदल्यात मिळणारी जागा धंद्याच्या कामाची नव्हती. 2004 मध्ये त्यांनी थेट वर्ल्ड बँकेच्या तपासणी पॅनलकडे दाद मागितली. पॅनलने त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे असं सांगितलं आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखून धरला. सुशिक्षितांच्या मदतीशिवाय या देशात काही होत नाही असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. साध्या दुकानदारांनी वॉशिंग्टनला मान्य करायला लावलं की माणसाचा धंदा हीसुद्धा त्याची मालमत्ता असते.

आपण मात्र ते विसरलो. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या डोंगराला आग लागली आणि अर्ध्या मुंबईत धूर पसरला. त्यानंतर तिथे पहारा वाढला. पहारा हवाच होता. पण त्या डोंगरावर कचरा वेचून जगणाऱ्या बायकांचं काय करायचं, याचा आराखडा पहाऱ्यासोबत आला नाही. दरम्यान 2018 मध्ये मुलुंडचं डंपिंग बंद झालं आणि शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जाऊ लागला. मुलुंडकरांना मोकळा श्वास मिळाला याचा आनंद आहे. देवनारला धूर कमी झाला, पण धुराबरोबर रोजगारही गेला.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने धारावी प्रकल्पासाठी देवनार डंपिंगची 124 एकर जमीन द्यायचं ठरवलं. धारावीत जे ‘पात्र’ ठरणार नाहीत त्यांची घरं या जमिनीवर उभी करायची आहेत. म्हणजे 1976 चीच गोष्ट, पन्नास वर्षांनी. हा निर्णय झाला तेव्हा महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहसुद्धा नव्हतं. नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. धारावीच्या कुंभाराला, चामड्याच्या कारागिराला इथे खोली मिळेल. त्याची भट्टी, त्याचं गिऱ्हाईक, त्याचा कच्चा माल कुठून येईल? आणि आधीच इथे असलेल्या आठ लाखांच्या रोजगारात तो वाटेकरी होणार, की त्याच्यासोबत नवा रोजगार येणार?

मग करायचं काय? उत्तरं फार लांब शोधायला नकोत.

पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांनी आधी ओळखपत्र मिळवलं, मग काम मागितलं. त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आली आणि 2008 पासून पुणे महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करते. घरटी शुल्क मिळतं, सुका माल विकण्याचा हक्कही वेचणाऱ्याकडे राहतो. घनकचऱ्याचे 2016 चे नियमही सांगत होते की कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये देवनारचा सुमारे 185 लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी निविदा काढली. एवढ्या मोठ्या कामात इथल्या किती माणसांना, किती मजुरीवर, कुठल्या सुरक्षेसह काम मिळणार, ही अट आपल्या प्रतिनिधींनी का मागू नये?

फेरीवाल्यांचं तसंच. 2014 चा कायदा म्हणतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यावं आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवू नये. मुंबईत त्या वर्षी सुमारे 99 हजार अर्ज आले, त्यांतले पंधरा-सोळा हजारच पात्र ठरले. उरलेले धंदा सोडून गेले नाहीत. ते अंधेरी, घाटकोपर, कुर्ला स्टेशनबाहेर रोज हप्ता देत आणि गाडी आली की पळत उभे आहेत. त्यांनी दिलेला पैसा परवाना फी म्हणून तिजोरीत गेला असता तर महापालिकेलाही चार पैसे मिळाले असते.

छोट्या कारखान्यांना तर सवलतीआधी कागद हवा. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना पुरते. पण जागेचा पुरावा नाही म्हणून वीज दुसऱ्याच्या मीटरवरून, बँकेचं कर्ज नाही म्हणून पैसा सावकाराकडून, आणि स्वतःचा बाजार नाही म्हणून भाव दलाल सांगेल तो. वॉर्डातच कारागिरांसाठी गाळे, सामायिक मशिनं, माल विकायची जागा आणि सगळी कागदपत्रं करून देणारी एक खिडकी असेल, तर हे चक्र तुटायला सुरुवात होईल.

आता थोडं आपल्याबद्दल. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा उड्डाणपूल 2021 मध्ये सुरू झाला. त्याच्या नावावरून किती वाद झाला! नाव शिवरायांचं की ख्वाजासाहेबांचं, यावर दोन्हीकडचे नेते घसा फोडून बोलले. पुलाखाली राहणाऱ्यांच्या रोजगारावर एवढं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. नावाच्या भांडणात आपल्याला सहज उतरवता येतं, हे सगळ्या पक्षांना कळून चुकलंय.

आणि जकात. रेशनकिट चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. भुकेल्याला आधी अन्नच हवं. पण आपल्याला सगळ्यांना ठाऊक असलेली ती हदीस आठवा. मागायला आलेल्या माणसाच्या घरातली दोन किरकोळ वस्तू पैगंबरांनी लिलावात विकल्या. आलेल्या दोन दिरहमांपैकी एकाचं अन्न घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्याची कुऱ्हाड. आपण पहिल्या दिरहमाची सुन्नत दरवर्षी पाळतो, दुसऱ्याची विसरतो. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. एका मोहल्ल्याने ठरवलं की यंदा निम्मी जकात किटला आणि निम्मी शिलाई मशीन, हातगाडी किंवा सावकाराचं कर्ज फेडण्याला, तर पाच वर्षांनी किट घेणाऱ्यांची रांग किती लांब असेल, ते मोजून बघायला हवं. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. मशिदीच्या कमिटीने एक वही उघडली तरी पुरे: कोण काय काम करतो, त्याला कशाची अडचण आहे, कर्ज किती आहे.

ती वही घेऊनच मग वॉर्ड ऑफिसात जावं, शेजारच्या बुद्धविहारातल्या मंडळींना सोबत घेऊन जावं. 124 एकरांचा नकाशा टेबलावर मांडला जाईल तेव्हा त्यात घरांच्या चौकोनांसोबत कामाच्या जागाही दाखवा, एवढं एकच मागणं घेऊन जावं. आठ लाखांच्या शहराने एवढं मागणं फार होत नाही.