रोखे कोणाचे, कर कोणावर?
अमेरिकेची राज्यघटना निव्वळ उदात्त तत्त्वांतून जन्मली, असे भांडवली इतिहासकार सांगतात. परंतु १७८६ साली मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी जप्त्यांचे हुकूम देणारी न्यायालयेच बंद पाडली होती. त्यांचा एक नेता डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धातील कॅप्टन. बंड मोडणाऱ्या फौजेला पैसा पुरविला तो बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी! त्यानंतर, मे १७८७ मध्ये, फिलाडेल्फियात घटना परिषद भरली.

सैनिकांना पगारापोटी मिळालेले रोखे त्यांनी पोटासाठी कवडीमोलाने विकले होते. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने ते पूर्ण दर्शनी किमतीने मान्य करविले. मूळ धारकांनाही वाटा देण्याची मॅडिसनची सूचना प्रतिनिधिगृहाने फेटाळली. नफा सट्टेबाजांचा झाला. कर्ज भागविण्यासाठी १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला. त्याविरुद्ध १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हानियातील शेतकरी उठले, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले.