सिकलसेलची तपासणी झाली; आश्रमशाळेत पुढे काय?

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा पहिला टप्पा २०२५-२६ या आर्थिक वर्षाबरोबर पूर्ण होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे अभियान सुरू झाले, तेव्हा तीन वर्षांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरले होते. जुलै २०२५ अखेर सहा कोटींवर तपासण्या झाल्या. दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. पाड्यापाड्यावर जाऊन बोटाला सुई टोचण्याचे हे काम आरोग्यसेविका आणि आशांनी केले आहे. त्याचे मोल कमी नाही. पण ज्याच्या हाती रुग्णाचे लाल कार्ड पडले, त्या मुलाचे त्यानंतर काय झाले, हे सांगणारा आकडा या तक्त्यांमध्ये सहसा नसतो.

विदर्भाला हा आजार नवा नाही. नागपूर परिसरातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली होती. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलते. त्यामुळे प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी घटले किंवा ताप आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. गोंड, माडिया, परधान यांच्याप्रमाणेच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातील काही समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे. केवळ ‘आदिवासींचा आजार’ म्हणून योजना आखली, तर उत्तर नागपुरातल्या कितीतरी घरांना ती आपली वाटणारच नाही.

तरीही आदिवासी मुलांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांतील अनेक जण वर्षाचे दहा महिने घरी नसतात. शासकीय आणि अनुदानित मिळून राज्यात हजारावर आश्रमशाळा आहेत. दुर्गम भागातील मुलांच्या शिक्षणासाठी शासनाने उभारलेली ही सर्वांत मोठी व्यवस्था आहे आणि तिने अनेक पिढ्यांना पहिल्यांदा अक्षर दाखवले. तिथे मुलाला ताप आला की कपाळाला हात लावणारी व्यक्ती म्हणजे अधीक्षक किंवा अधीक्षिका. या आजारात कोणत्या गोष्टींनी कळा सुरू होतात ते पाहिले, तर वसतिगृहाची दिनचर्याच डोळ्यांसमोर येते : पहाटे गार पाण्याची अंघोळ, उन्हातली कवायत, तासनतास पाण्याविना बसणे, पावसाळ्यात ओल धरलेली खोली, हिवताप.

एका गोष्टीकडे तर डॉक्टरांचेही लक्ष उशिरा जाते. सिकलसेलच्या मुलांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. म्हणून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि मोठे झाल्यावरही रात्री अंथरूण ओले होते. घरी आई निमूट गोधडी वाळत घालते. पन्नास मुलांच्या खोलीत त्याची चेष्टा होते आणि कधी शिक्षाही. मग मूल स्वतःच उपाय शोधते : संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. त्याने रक्त घट्ट होते आणि दोन दिवसांनी हातपाय, पाठ, छाती असह्य दुखू लागते. पाण्याची बाटली जवळ ठेवणे, वर्गातून न विचारता बाहेर जाऊ देणे, रात्री एकदा उठवणे यासाठी कोणताही निधी लागत नाही. मात्र ते मूल कोणते, हे अधीक्षकाला माहीत असावे लागते.

इथेच गाडी अडते. कार्ड आरोग्य विभागाचे, शाळा आदिवासी विकास विभागाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन तपासून जाते. गावात झालेल्या तपासणीचा निकाल गावातल्या उपकेंद्रात राहतो. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, आधार, बँक खाते हे सारे मागितले जाते. सिकलसेल तपासणीचा निकाल मात्र प्रत्येक ठिकाणी मागितला जातोच असे नाही. आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. कित्येक मृत्यूंच्या नोंदीत नेमके कारणच सापडत नाही, हेही त्यातून दिसले. त्यांतले किती सिकलसेलचे असतील, हे आता कोण सांगणार?

उपचार महागडा किंवा परदेशी आहे असेही नाही. हायड्रॉक्सियुरिया या जुन्या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही तीव्र आजार असलेल्या मुलांमधील वेदनांचे हल्ले, रक्त चढवण्याची वेळ आणि रुग्णालयातील भरती लक्षणीय कमी झाली. अडचण रोजच्या व्यवहारातली आहे. सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि मूल वीस किलोचे. मात्रा ठरवायला डॉक्टर हवा, दर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशींची मोजणी हवी आणि औषध रोज दिले जाते की नाही हे पाहणारा माणूस हवा. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. दर वेळी इथे येणे कोणाला जमणार? हे काम ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हवे.

या मुलांची प्लीहा नीट काम करत नसल्याने न्यूमोकोकस जंतूचा संसर्ग त्यांना जीवघेणा ठरू शकतो. त्यावरची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०२१ मध्ये आली, तीही तान्ह्या बाळांसाठी. म्हणजे आज आश्रमशाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांना ती शासनाकडून मिळालेलीच नाही. लाल कार्डधारक मुलांची यादी हाताशी असेल, तर ही कसर एका मोहिमेत भरून काढता येईल. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे मूल फिकट दिसले की लोहाच्या गोळ्या वाढवणे. हा अ‍ॅनिमिया पेशी फुटल्यामुळे होतो. वारंवार रक्त चढवलेल्या मुलात लोह आधीच साचलेले असते. त्याला फॉलिक अ‍ॅसिड द्यावे, लोह तपासणीनंतरच.

सवलतीही आहेत. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक संपत रामटेके (मरणोत्तर पद्मश्री, २०१८) यांच्यासारख्यांनी लावून धरलेल्या मागणीनंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा मिळतात, एसटीचा प्रवास मोफत आहे. नोकरीतील ४ टक्के आरक्षणातून मात्र रक्ताचे आजार वगळलेले आहेत. ही विसंगती अजून कायम आहे. आणि यांतले काहीही मिळवायला प्रमाणपत्र लागते. ते काढण्यासाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेपा घालाव्या लागतात, हे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही बापाला विचारावे.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. तोवर प्रत्येक प्रकल्प कार्यालयाने आपल्या शाळांतील लाल कार्डधारक मुलांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून घ्यावी आणि ती सूचनाफलकावर न लावता अधीक्षकाच्या कपाटात ठेवावी. पिवळे कार्ड असलेल्या, म्हणजे वाहक असलेल्या मुलींच्या लग्नात पुढे काय अडचणी उभ्या केल्या जातात हे सर्वांना ठाऊक आहे. अधीक्षकांना तीन खुणा शिकवाव्यात : ताप, छातीत दुखून धाप लागणे आणि पोटाची डावी बाजू अचानक फुगून मूल पांढरे पडणे. यांपैकी एकही दिसली तर सकाळची वाट न पाहता गाडी काढायची. आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल घरी निघताना त्याच्या पिशवीत सुट्टी पुरेल एवढे औषध आहे ना, हे दारातच पाहायचे. नाहीतर महिना-दीड महिना औषध तुटते आणि शाळा उघडताना मूल वर्गाऐवजी वॉर्डात दाखल होते.