आजोबा काय काम करायचे?

आपल्या मंडळाच्या अंकात श्रद्धांजलीची पानं वाढत चालली आहेत. तिकडे महाराष्ट्रात मागे राहिलेले आई-वडील आता एकेक करून जात आहेत, तेव्हा ते होणारच. पण ही पानं वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, नातवंडांत रमणारे. सगळं खरं असतं, तरी फोटो झाकला तर कोणतं पान कोणाच्या वडिलांचं हे ओळखू येत नाही. माणूस कष्टाळू होता असं लिहायचं, तर त्याचे कष्ट कोणते होते तेही लिहिलं पाहिजे.

माझे वडील मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक श्वासाने ओढून घ्यायचं, धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची. प्रत्येक ओढीबरोबर कापसाची धूळ छातीत. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे, नाहीतर ओठ वाचायचे. त्यात त्यांचे कान गेले. ते इथे आमच्याकडे आले तेव्हा माझी मुलगी त्यांच्याजवळ जाईना. आजोबा सारखे ओरडतात म्हणे. मी तिला साचाखात्याबद्दल सांगितलं. मग ती त्यांच्यासमोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलायला लागली. तिचं तुटकंमुटकं मराठी ते ओठांवरून बरोबर ओळखायचे. आजोबा-नातीचं जे काही जमलं, ते त्यानंतर.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपानंतर वडिलांना पुन्हा कामावर घेतलं नाही. पुढे त्यांनी एका इमारतीवर रातपाळीची रखवालदारी केली आणि त्या पगारावर आम्हाला शिकवलं. 'मुलांसाठी खस्ता खाल्ल्या' एवढंच लिहिलं, तर हे आमच्या घरापुरतं दुर्दैव वाटतं. लालबाग-परळच्या चाळींतून घरोघरी हेच चाललं होतं, हे नातवंडांना कळणार कुठून?

काही जण म्हणतील, श्रद्धांजलीत इतिहास कशाला? आणि रखवालदारीचा उल्लेख नको, असंही घरातूनच सुचवलं जातं. मला ते पटत नाही. ज्या कामावर घर चाललं ते लपवायचं, तर उरलेल्या गौरवाला काय अर्थ?

खरं लिहायचं म्हटलं की अडचणीचंही लिहावं लागतं. साचाखात्यात पगार बरा मिळे, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण धोट्याला तोंड लावावं लागे आणि बाकीच्यांना विटाळ वाटे. १९२८च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझे आजोबा त्याच खात्यात होते आणि त्यांच्यामागून वडील तिथे चिकटले. आम्हाला उघडं असलेलं दार दुसऱ्यांना बंद होतं. हे सांगितल्याने वडिलांचे कष्ट उणे होत नाहीत, आणि नातीला ते माहीत असायलाच हवं.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणींचं पुस्तक २००४ साली प्रसिद्ध केलं. आपण निदान आपल्या घरापुरतं तरी हे करू शकतो. वडील एस. टी.त वाहक असोत, पोस्टात असोत की शेतावर. पाळी कोणती, हातात हत्यार काय, पहिला पगार किती, काम सुटलं कसं, हे लिहा. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी येत्या रविवारच्या फोनवर तब्येतीची चौकशी झाली की हेच विचारावं, आणि नातवंडांनाही शेजारी बसवावं.