विश्लेषण : यकृताचा जुना आजार आणि सप्लिमेंट... ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक का नाही?

करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. कुंपणावर सहज वाढणारी वेल, फुकटात मिळणारी. तिने कसला अपाय होणार, असाच सर्वांचा समज. मात्र सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले आणि सहाही जण गुळवेल घेत होते. यकृताचा आजार असलेल्यांनी ‘ताकदीच्या’ गोळ्या, पावडरी आणि काढे घ्यावेत का, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

गुळवेलीचे प्रकरण नेमके काय?

या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणी झालेली नाही, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची ही वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक आढळलेली गोष्ट म्हणजे, आधीपासून असलेला यकृताचा आजार अचानक बळावणे. काहींना तर असा आजार आहे हेच तोपर्यंत माहीत नव्हते.

वाद वनस्पतीच्या जातीचा असो वा तिच्या गुणधर्माचा, रुग्णासाठी निष्कर्ष एकच निघतो. हातातली वेल कोणती, हे तज्ज्ञांनाही तपासणीशिवाय सांगता येत नसेल, तर दुखऱ्या यकृतावर तिचा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

आजारी यकृताला धोका जास्त का?

पोटात गेलेले बहुतेक औषधी घटक यकृतातच मोडले जातात. सिरॉसिसमध्ये यकृताच्या निरोगी पेशींची जागा व्रणासारख्या कठीण ऊतीने घेतलेली असते. कामाला उरलेल्या पेशी कमी, त्यामुळे थोडीशी इजाही भारी पडते. निरोगी माणूस ज्या धक्क्यातून आठवड्याभरात सावरतो, त्याच धक्क्याने अशा रुग्णाला कावीळ आणि पोटात पाणी होऊन रुग्णालय गाठावे लागू शकते.

कोणत्या गोष्टींबाबत सावध राहावे?

* ग्रीन टीचा अर्क : कपभर चहा वेगळा आणि वजन घटवण्याची कॅप्सूल वेगळी. सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हा घटक गेल्यास यकृताची एन्झाइम वाढतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले.
* हळदीच्या कॅप्सूल : भाजीतील चिमूटभर हळदीची भीती नाही. मात्र कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन एकवटलेले असते आणि ते रक्तात जास्त शोषले जावे म्हणून मिरीचा अर्कही घातला जातो. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटलीत आहेत.
* जीवनसत्त्व ‘अ’ : जादा ‘अ’ यकृतातच साठते आणि प्रमाण वाढले की तिथेच विषारी ठरते.
* लोह : थकवा आला म्हणून लोहाची गोळी सुरू करू नये. रक्त तपासून कमतरता दिसली तरच ती घ्यावी.
* अश्वगंधा आणि अनेक वनस्पतींची मिश्रणे : अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मिश्रणात दहा-बारा घटक असतील तर त्रास कशाने झाला, हे शोधणेही अवघड.

मग सगळेच बंद करायचे का?

नाही. भीतीपोटी सगळे सोडून देणे हीसुद्धा चूकच. सिरॉसिसच्या रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व आणि झिंक अनेकदा कमी आढळते. तपासणीनंतर डॉक्टर ते देतात. ‘यकृत बिघडले, आता डाळ-अंडी बंद’ हा सल्ला तर स्नायू झिजवणारा आहे. युरोपीय यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाला रोज प्रतिकिलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनाला ७२ ते ९० ग्रॅम. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही गरजेचे, कारण आजारी यकृताला रात्रभर पुरेल एवढी साखर साठवता येत नाही आणि शरीर स्नायू मोडू लागते.

प्रथिनांसाठी पहिली पसंती डाळ, दूध, पनीर, अंड्यालाच असावी. भारतातील ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले होते.

जबाबदारी कोणाची?

सगळा भार रुग्णावर टाकणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे सप्लिमेंट हे अन्न म्हणून विकले जाते. डब्यावरचा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक म्हणजे औषधासारखी रुग्णांवर चाचणी झाल्याची हमी नव्हे. ‘यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारा’ एवढी एक ओळ, वाचता येईल अशा अक्षरात, सक्तीची करायला काय अडचण आहे?

डॉक्टरांनीही ‘आणखी कोणती औषधे घेता?’ एवढेच विचारून थांबू नये. काढा, चूर्ण, जिमची पावडर यांना कुणी औषध मानत नाही, त्यामुळे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. नाव घेऊन विचारले तरच खरे कळते. आणि ते सांगितल्याबद्दल रुग्णाला ओरडा बसला, तर पुढच्या वेळी तो लपवणार हेही नक्की.

रुग्णाने काय करावे?

पुढच्या तपासणीला जाताना घरातील सगळे डबे, बाटल्या आणि पुड्या पिशवीत भरून न्याव्यात किंवा लेबलचे फोटो काढून दाखवावेत. नवे काही सुरू करण्याआधी विचारावे. डोळे पिवळे होणे, गडद लघवी, अंगाला खाज, पोट फुगणे, काळी शौच किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सप्लिमेंट तिथेच थांबवून लगेच रुग्णालयात जावे. डबा सोबत न्यावा. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मनाने बंद करू नयेत. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या केंद्राच्या टोल फ्री क्रमांकावर करता येते. अशा नोंदी झाल्या नाहीत, तर ‘आमच्या उत्पादनाने कुणालाही त्रास झालेला नाही’ हा विक्रेत्यांचा दावा खोडून काढायला पुरावाच उरणार नाही.