खलनायकाचा पुतळा

कार्टूनमधल्या प्रेमप्रकरणांनी पोरं बिघडतात, अशी ओरड करणाऱ्यांनी २०१५ साली सुरू झालेली 'मिरॅक्युलस' ही फ्रेंच मालिका नीट पाहावी. पॅरिसमधल्या बेकरीवाल्यांची मुलगी मॅरिनेट वर्गातल्या एड्रियनवर जीव टाकते. तो बड्या फॅशन डिझायनरचा मुलगा. दोघंही मुखवटा घालून शहर वाचवतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. (आडनाव लपवून हॉस्टेलात राहिलेल्यांना मुखवटा समजावून सांगायला नको.)

मुखवट्याहून मोठा अडथळा बाप. गॅब्रिएलला मुलासाठी तोलामोलाची कागामी हवी. अंगठ्यांच्या जादूने तो पोराला हुकमात ठेवतो. शहराला छळणारा खलनायकही तोच. इथवर मालिका खरं बोलते. पाचव्या सीझनच्या शेवटी मात्र कच खाते. बाप मरतो, मॅरिनेट एड्रियनपासून सत्य लपवते आणि पॅरिस त्याचा वीर म्हणून पुतळा उभारतं. का, तर पोराला त्रास नको! जिला बापाने नाकारलं, तिनेच त्याची अब्रू झाकायची.

अब्रू अशीच झाकली जाते. खर्ड्यात २०१४ साली सवर्ण मुलीशी बोलण्याच्या संशयावरून सतरा वर्षांच्या नितीन आगेचा जीव घेतला गेला. साक्षीदार फितूर झाले, २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

आपली भाचरं ही मालिका हिंदीतून बघतात. पुतळ्यापाशी थांबवून त्यांना विचारा, हा कुणाचा आणि कशासाठी?